एकाला दोन वर्षं, दुसऱ्याला एक सामना

माझ्या धाकट्या भावाने पंचाच्या कानाखाली मारली, तेव्हा मी मैदानाच्या कडेला उभी होते. संध्याकाळची वेळ होती, उपांत्य सामना होता आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. भाऊ चढाईला गेला, समोरच्या कोपरारक्षकाकडे झेपावला आणि त्याचा पाय लॉबीत पडला. लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांची पट्टी. समोरच्या खेळाडूला हात लागण्याआधी तिथे पाय पडला तर चढाई करणारा बाद. भाऊ म्हणाला, हात लागला होता. पंचाने शिट्टी वाजवून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. भाऊ चार पावलं बाहेर गेला, परत वळला आणि त्याने हात उचलला.

तो आवाज माझ्यापर्यंत आला. पंच एका गुडघ्यावर बसला, त्याची शिट्टी मातीत पडली. मग माणसं आत धावली आणि मला काही दिसेनासं झालं.

आमचं गाव द्रोणागिरीच्या बाजूला, खाडीकाठचं. शेतं आणि मिठागरं गेली, आता तिन्ही बाजूंना गोदामं आणि कंटेनरच्या रांगा आहेत. गावाचा कबड्डीचा संघ मात्र आजोबांच्या वेळचा आहे. माझे बाबा त्यात खेळले, काका खेळले. भाऊ त्या सगळ्यांपेक्षा सरस होता. त्याच महिन्यात त्याला एका कंपनीच्या संघाने निवड चाचणीला बोलावलं होतं. निवड झाली असती तर खेळाबरोबर कायमची नोकरी होती.

दोन दिवसांनी स्पर्धेच्या कमिटीने माइकवरून जाहीर केलं, भावाला दोन वर्षं बंदी. कंपनीचं बोलावणं त्याच आठवड्यात रद्द झालं.

गाव पेटलं. मारल्याबद्दल कोणाला फार म्हणायचं नव्हतं. राग होता तो गेल्या वर्षीच्या गोष्टीचा. गेल्या वर्षी याच स्पर्धेत पलीकडच्या गावाच्या कर्णधाराने पंचाला ढकललं होतं आणि त्याला फक्त एक सामना बाहेर बसवलं होतं.

"त्यांचा मानूस कमिटीत हाय," काका म्हणाले. ते बाबांचे चुलतभाऊ आणि गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष. "म्हनून त्याला एक म्याच नी आपल्या पोराला दोन वरसा. ह्यो न्याय हाय का?"

हे वाक्य पुढे कित्येक आठवडे मी ऐकलं आणि स्वतःही म्हटलं. कोणीतरी सामन्याचा व्हिडिओ काढला होता. तो आम्ही अगदी संथ करून पुन्हा पुन्हा पाहायचो. कधी वाटायचं बोट लागलंय, कधी वाटायचं नाही लागलं. बघणारा ज्या गावचा, तसं त्याला दिसायचं.

मी बंदराजवळ, कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. तिथला माझा एक सहकारी नेमका पलीकडच्या गावचा. डबा खाताना रोज आमची जुंपायची.

"ढकलणं आणि मारणं एक आहे का?" तो म्हणायचा.

"पंचाच्या अंगाला हात लावला, तिथेच संपलं. किती जोरात लावला हे कोण मोजणार?"

"आणि तुझ्या भावाने मारलं नसतं, तर तू गेल्या वर्षीचं काढलं असतंस?"

मी डब्याला झाकण लावायचे. गेल्या वर्षीचा तो सामना आमच्याशीच होता आणि आम्ही तो जिंकलो होतो. त्यामुळे तेव्हा आमच्या गावातूनही कोणी तक्रार केली नव्हती.

घरात बाबा भावाशी बोलत नव्हते. भाऊ जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायचा, मैदानाकडे फिरकायचा नाही. आई एकदा बाबांना म्हणाली, "त्याला चार शिव्या तरी द्या. गप नका राहू." बाबा हात धुवायला उठले.

मग काकांनी तोड काढली. आपण माफ केलं असं पंच स्वतः म्हणाला तर कमिटीला बंदी उठवावी लागेल. पंचाची माहिती त्यांनी काढली होती. मूळचा मराठवाड्याचा, तुर्भ्याला कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने पंचगिरी करणारा. काका बाबांना म्हणाले, "तू जा, नी पोरीला संगती ने. बाईमानूस असला का समोरचा नरम पडतो."

आम्ही गेलो. तुर्भ्याला कारखान्यांच्या मागे ट्रकांची रांग संपते तिथून एक गल्ली आत जाते. पंचाच्या बायकोने दार उघडलं. आम्ही कोण ते बाबांनी सांगितल्यावर ती क्षणभर उंबऱ्यातच उभी राहिली. मग बाजूला झाली. मी बसायला गेले तशी म्हणाली, "तिकडं नका बसू. ह्या बाजूला या. त्या कानानं ऐकू येत न्हाई त्यांना."

मला हे माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. इतक्या आठवड्यांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

पंच पलंगावर उठून बसला. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, खाली मुलांची दप्तरं. त्याने पहिल्यांदा विचारलं, "पोरगं कसं हाय?"

"घरीच असतो," बाबा म्हणाले. "बोलत नाय कोनाशी."

कानाचा पडदा फाटला होता. जखम भरली, पण ऐकू येणं परतलं नाही आणि आत सतत शिट्टीसारखं वाजत राहतं, असं त्याने सांगितलं. कारखान्यात धोक्याची घंटा नीट ऐकू येत नाही म्हणून त्याला यंत्रावरून काढून पॅकिंगला लावलं होतं. हे सगळं तो तक्रार न करता सांगत होता. बाबा मान खाली घालून ऐकत होते. ज्या कामासाठी आलो ते त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी मीच बोलले.

"बंदी दोन वर्षांची आहे. गेल्या वर्षी त्या दुसऱ्याने पंचाला ढकललं, त्याला एकच सामना. हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा."

"बरोबर न्हाई," तो लगेच म्हणाला. "त्या सामन्यालाबी पंच मीच होतो."

मी बाबांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी तो सामना समोर उभं राहून पाहिला होता. कर्णधाराने ढकललेलं आम्हाला आठवत होतं. ढकलला गेलेला माणूस आठवत नव्हता.

"मी पाठीवर पडलो होतो," तो सांगू लागला. "आयोजक आले. म्हणले, मोठा खेळाडू हाय, पब्लिक बसलंय, मिटवून घ्या. मी मिटवलं. कमिटीपुढं म्हणलो, चुकून धक्का लागला. तवाच धरून ठिवलं असतं, तर तुमच्या पोराचा हात उठला असता का? त्यानंबी ते बघितलं होतं की."

बाबा काही म्हणतील म्हणून त्याने चांगला कान पुढे केला.

"पोरावर माझा राग न्हाई," तो म्हणाला. "पण बंदी कमी करा असं मी सांगणार न्हाई. त्या दुसऱ्यालाबी दोन वर्षं द्या म्हणायला जाणार असाल, तर मी तुमच्यासंगं येतो."

त्याची बायको चहा घेऊन आली. कप आमच्या हातात देताना म्हणाली, "इतक्या दिवसांत तुमच्या गावातनं कुणी आलं न्हाई. आज आलात, तेबी कामासाठी."

बाबांनी कप खाली ठेवला आणि तिला हात जोडले. "चुकला आमचा," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी मंडळाची बैठक भरली. बाबांनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे रिकाम्या हातानं आलास?" काकांनी विचारलं.

"आनन्यासारखा काय होता तिथं? त्याचा कान गेलाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "तो पंच त्यांचाच मानूस हाय!" आमच्या बैठकीत बायका मागे बसतात आणि बोलत नाहीत. मी उठले. म्हटलं, "तो कोणाचाच माणूस नाही. दोन्ही वेळा मार खाल्ला तो त्यानेच. आपल्याला खरंच न्याय हवा असेल तर आपण त्याच्याबरोबर कमिटीकडे जाऊ. आपल्याला दोन वर्षं मान्य, त्या कर्णधारालाही दोन वर्षं द्या."

"त्याला शिक्षा होऊन आपल्याला काय मिलनार?" काका म्हणाले, आणि बऱ्याच माना हलल्या. मी खाली बसले. इतके दिवस आपण काय मागत होतो ते मला तिथे स्पष्ट दिसलं, आणि त्यात मीही होते.

भाऊ दाराशी उभा होता. कानाचं त्याने तिथेच पहिल्यांदा ऐकलं. तो तिथूनच निघून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना पंचाचा फोन आला. "पोरगं येऊन गेलं," तो म्हणाला. "जेवून गेलं. मंडळीनं तसं सोडलंच न्हाई." तिथे काय बोलणं झालं ते भावाने आजवर सांगितलेलं नाही. त्या रात्री भाऊ घरी आल्यावर बाबांनी त्याला ताट वाढून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "जेवलोय." बाबा म्हणाले, "म्हाईत हाय. तरी बस."

बाबा, मी आणि पंच असे तिघं कमिटीकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि गेल्या वर्षीचं प्रकरण बंद झालंय म्हणून सांगितलं. बंदी उठवण्यासाठी काकांनी केलेला वेगळा अर्जही नामंजूर झाला. पलीकडच्या गावाचा कर्णधार पूर्ण मोसम खेळला आणि शेवटी त्याला उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षीपासून मात्र सामने सुरू होण्याआधी माइकवर सांगू लागले, पंचाच्या अंगाला हात लावणाऱ्याला दोन वर्षं बंदी, गाव कोणतंही असो.

पंच पुन्हा मैदानात उतरला नाही. चढाई करणाऱ्याचा 'कबड्डी कबड्डी' हा दम तुटला की नाही हे पंचाला कानाने पकडावं लागतं. एका कानावर ते होत नाही, असं त्याने स्वतःच कमिटीला कळवलं.

भावाची बंदी संपली तेव्हा कंपनीच्या संघासाठी त्याचं वय उलटून गेलं होतं. आता तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवतो. मधे दोन मोसम गावाकडून खेळला, पण पायात पूर्वीची चपळाई नव्हती.

त्याला झालेली शिक्षा योग्य होती, हे मी आता कोणालाही सांगते. दुसरा सुटला तो अन्याय होता, हेही तितक्याच जोरात सांगते. ऐकणाऱ्याला बहुधा यातलं एकच ऐकायचं असतं. तेवढं ऐकून तो मान हलवतो आणि मी पुढचं सांगायला लागले की उठून जातो.