फिकार, म्हणजे राहणे

मार्चमधला शेवटचा शनिवार, सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवण. हजर: मी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी आणि माझ्या प्रयोगशाळेतली सहकारी. ती स्पेनमधल्या गॅलिसियाची.

पानं घेण्याआधीच पुण्याहून सासऱ्यांचा फोन येऊन गेला होता. वरच्या मजल्यावरची खोली आमच्यासाठी रिकामी ठेवली आहे, कधी येताय, एवढंच ते दर वर्षी विचारतात. नवऱ्याने दर वर्षीचंच उत्तर दिलं, "पुढच्या वर्षी नक्की, बाबा." मी पोळ्या लाटत होते. लाटणं जरा जोरात आपटलं.

जेवताना पाहुणीने इंग्रजीत कपाटावर रचलेल्या खोक्यांबद्दल विचारलं. टीव्ही, मिक्सर, कुकर, प्रत्येकाचं मूळ खोकं आम्ही थर्मोकोलसकट जपतो, परत जाताना सामान त्यातूनच न्यायचं म्हणून. इथली निम्मी मराठी घरं हेच करतात. मिक्सर कधीच बिघडून गेला, खोकं आहे.

"म्हणजे तुम्ही जाणार?"

"तसं राहतोच आहोत," नवरा म्हणाला, आणि विषय बदलायला त्याने विचारलं, "तुमच्याकडे राहण्याला काय म्हणतात?"

तिला असलं बोलायला आवडतं. म्हणाली, फिकार. गॅलिशियनमध्ये आहे, पोर्तुगीजमध्ये तर उठता-बसता वापरतात. पाहुणा थांबला, स्टेशन अमुक ठिकाणी आहे, कुणी आजारी पडलं, सगळीकडे फिकार. मूळ लॅटिन, आणि तिथे अर्थ रोवणे, ठोकून पक्कं बसवणे. रोवलेलं जागचं हलत नाही, म्हणून पुढे राहणे.

"वा, छान," नवरा म्हणाला आणि त्याने भात मागितला.

ते 'वा, छान' माझ्या डोक्यात गेलं. राहायचं तर आधी काहीतरी रोवावं लागतं, एवढं त्या जुन्या लोकांना कळत होतं. आम्ही काहीही न रोवता वर्षं काढली, आणि तिकडे एक म्हातारा माणूस आमच्या नावाने खोली झाडून घेतोय. मी स्टूल ओढलं आणि खोकी खाली काढायला लागले.

"अगं, जेवण तरी होऊ दे."

"तू जेव."

"टीव्हीचं असू दे. जाताना लागेल."

"कधी जाताना? तारीख सांग."

त्याने भात कालवायला घेतला.

"झुरळांचा कॉन्डो आहे तो, लाह," मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "आणि मी कुठेही जात नाहीये. मला कुणी विचारलंय?"

"बाबांचं मन मोडवत नाही," तो म्हणाला.

"म्हणून दर वर्षी खोटं सांगतोस."

पाहुणीला मराठी येत नाही, पण तिने सुरी उचलली आणि चिकटपट्ट्या कापायला लागली. लिफ्टच्या दोन खेपांत सगळं खाली गेलं.

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "बरोबर आहे तुझं. इथेच राहू या."

"मग बाबांना सांग. ती खोली आता कुणाला तरी देऊन टाका म्हणावं."

"उद्या करतो फोन."

हे काम त्याचं आहे, मी करणार नाही. आज गुरुवार. सासऱ्यांनी काल मला खोलीच्या रंगाचे नमुने पाठवलेत, निवडायला. फोन अजून व्हायचाय.