टीव्हीवर बसलेला जीभ काढणारा देव

माझी लेक सुखरूप जन्मली ती अवसरीच्या आमच्या घरमालकांमुळे, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना वेडे म्हणाल. नुसती जीभ काढून इतका परोपकार केलेला माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात दुसरा नसेल.

आम्ही भाडेकरू त्यांना मामा म्हणायचो. तरुणपणी ते बोटीवर स्वयंपाकी होते आणि इजिप्तच्या बंदरातून त्यांनी बेस नावाचा देव आणला होता. वीतभर उंची, फेंगडे पाय, सिंहाची आयाळ, डोक्यावर पिसं आणि हनुवटीपर्यंत लोंबणारी जीभ. हा म्हणे बाळंतिणीचा आणि झोपलेल्या माणसाचा राखणदार. वेडंवाकडं तोंड करून, डफ वाजवून वाईटसाईट पळवून लावतो. "तिकडचे बाकीचे देव चित्रात एका अंगानं उभे. ह्यो एकटा आपल्याकडं सरळ बघतो," मामा सांगायचे. मामी म्हणायच्या, "बघू दे की, पण माझ्या खंडोबाफुडं जीभ काढायची न्हाय." म्हणून देवघराऐवजी देव टीव्हीवर बसला. तिकडं पूर्वी त्याला पलंगाच्या पायांवर कोरायचे, म्हणून मामांनी घरातल्या एकूण एक बाजेच्या खुरांवर तेच तोंड कोरून घेतलं. इंजिनिअरिंगची भाडेकरू पोरं त्या खुरांना मोजे घालून झोपायची.

मामाही तसेच बुटके, फेंगडे, दाढीचं जंगल. मी वाशीमकडची, सातवीत शाळा सोडलेली, पोटुशी, आणि नवरा बोअरच्या गाडीवर गावोगाव. खोली दाखवताना मामांनी उंबऱ्यातून आत डोकं घातलं, जीभ काढून गुरगुरले आणि वळून शांतपणे म्हणाले, "झाली खोली साफ. लाइटबिल येगळं पडंल." मला तेव्हाच परतीची एसटी धरावीशी वाटली. पुढे मात्र जरा धास्ती वाटली किंवा बाळ हललं नाही, की मीच हाक मारायचे, आणि मामा हातातलं काम टाकून जीभ काढून जायचे.

कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा घाटघरला. मामांनी जीप आणली आणि दवाखान्यात नेलं. मामी माझ्याबरोबर आत, मामा व्हरांड्यात. त्यांनी बरोबर घेतलेला डफ फाटकावर ठेवायला लावलेला, म्हणून जेवणाच्या डब्यावर बोटं. नर्सबाई ओरडल्या, "ओ आजोबा, तोंड नीट करा, पेशंट घाबरतील."

"पेशंटला न्हाय वो ताई. तुमच्या मागं जे उभं हाये त्याला."

नर्सबाईंनी मागं वळून बघितलंच.

लेक झाली आणि रडलीच नाही. नर्सबाई तिची पाठ चोळत होत्या, मामींचा हात माझ्या हातात होता, आणि बाहेरची टकटक थांबली. ती थांबली तेव्हा मी खरी घाबरले. मग एक बारीक आवाज आला, मग मोठा. बाहेर डबा असा वाजू लागला की झाकण निसटून व्हरांडाभर घरंगळलं. कुणीच रागावलं नाही. मामी बघून आल्या. "रडतंय येडं. जीभ आत घ्यायची इसरलंय."

पाचवीला सटवाईची पूजा मांडताना मामींनी स्वतःच टीव्हीवरचा देव उचलून पाट्याशेजारी ठेवला. "सटवाई रडवंल, ह्यो हसवंल. घ्या काम वाटून." त्या दोघांना मूल नव्हतं. तरी माळ्यावरून पाळणा निघाला, चारी कोपऱ्यांवर तीच तोंडं, कोरी करकरीत.

आता नवऱ्याच्या कामापायी आम्ही अवसरीपासून लांब आहोत. लेक झोपेत हसली की मला ती दाढी आठवते. मामा थकलेत, झोपेत दचकतात, असं मामी फोनवर सांगतात. माझ्याकडे देण्याजोगं फारसं काही नाही. पण मामा, तुम्ही अंथरूण धराल तेव्हा उशाशी मी येऊन बसणार, आणि दारात जे काही येईल त्याला जीभ काढून दाखवणार. लाज वाटते अजून. आरशासमोर सराव चालू आहे.