चहा होईपर्यंत

लेकीच्या खोडरबराचा वास आला की मला डोंबिवलीतला आमचा जुना कॉम्प्युटर आठवतो. एमआयडीसीच्या हवेने देवघरातली चांदी काळी पडायची, तशी रॅमची पट्टीसुद्धा. मी ती खोडरबराने घासून परत बसवायचो. बाबांची केमिकल कंपनी बंद पडलेली, आणि ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या कॉम्प्युटरसमोर नोकरी शोधायला बसायचे. "हा धड चालूच होत नाही रे, कुठे काय अर्ज करणार?" असं कुरकुरायचे. म्हणून एका रविवारी मी नवी रॅम घातली, घरघरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं आणि चहाचा कप उचलायच्या आत स्क्रीन उघडली. "बघा बाबा, कसला फास्ट झालाय!" मी म्हटलं. त्यांनी मेल उघडला. कुणाचंच उत्तर नव्हतं. बंद करून पुन्हा उघडला. मग वाफाळत्या कपाकडे बघत म्हणाले, "आधी हा चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा रे. तेवढी तरी सकाळ जायची." आता माझीही नोकरी गेलीय. माझा लॅपटॉप झटक्यात उघडतो, म्हणून मी आधी चहा पितो. अगदी सावकाश.