खाडीची शिंपली तळ्यात

तलासरीच्या अलीकडे एका पाड्याला तळ्याचं पाणी चढवायची मोटर मी चालवतो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती नुसतीच घरघरली, पाणी चढेना. पाइप बाहेर ओढला आणि मी हबकलोच. तोंडावरची जाळी दिसतच नव्हती. नखाएवढ्या काळपट शिंपल्यांचे थरावर थर! कोयत्यानं खरवडल्या तर घमेलं भरलं. दिवाळीनंतर तोच पाइप मी स्वतः साफ करून सोडला होता, तेव्हा त्यावर शेवाळाशिवाय काही नव्हतं.

पाण्यात उतरून चाचपलं. पायऱ्या, दगड, बुडालेला बुंधा, सगळीकडे त्याच. बोटं कापली.

आई तेव्हा किनाऱ्यावरच्या झाईहून माझ्याकडे आली होती. तिचं आयुष्य खडकावरची कालवं फोडण्यात गेलेलं. तिच्यापुढे घमेलं ठेवलं. तिनं एक शिंपली उलटी केली, बुडाचे बारीक धागे ताणून पाहिले.

"ही तळ्यातली नाय रे. खाडीत होडीच्या बुडाला लागते ती ही. तुझा बाप खरवडून खरवडून कंटाळायचा."

"खाडीतली? मग इथं गोड्या पाण्यात कशी आली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तळ्यातली ती होडी कुठनं आणलीस तू?"

दोन वर्षांपूर्वी जलपर्णी काढायला म्हणून डहाणूच्या खाडीतली एक जुनी होडी मीच टेम्पोत घालून आणली होती. बूड ओलंच होतं. त्याला काय चिकटलंय ते न बघता त्याच दिवशी पाण्यात लोटली.

संध्याकाळी पाड्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "ही घाण माझ्यामुळे आली." कुणी रागावलं नाही. शेजारची मावशी तेवढी टोपली घेऊन पुढे आली. ती दर उन्हाळ्यात चिखलातून तळव्याएवढ्या शिंपल्या काढून कालवण करते. त्या दिवशी तिला चारच मिळाल्या होत्या. चारींवरही ही बारकी पिल्लावळ अशी बसलेली, की त्यांना तोंड उघडायला जागा नव्हती.

"पुढच्या साली मिळतील ना या?" तिनं विचारलं. मी टोपलीतली एक उचलून तिच्यावरची बारकी नखानं खरवडू लागलो.

होडी ओढून काठावर उन्हात टाकली. मे महिन्यात पाणी आटलं तेव्हा त्या बारक्या शिंपल्या ढिगानं मेल्या, वास सुटला. मला वाटलं, सुटलो. पण पावसाळा सरल्यावर पाइप काढला, तर जाळी पुन्हा काळी. आता दर पंधरा दिवसांनी खरवडतो. मावशी यंदा तळ्यावर आलीच नाही.