धुऱ्यापलीकडून आलेली हाक

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींना हसण्यात माझी निम्मी हयात गेली. दोनदा नापास होऊन का होईना, पण मी बी.एस्सी. आहे! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे...

फुलसावंगीजवळ आमचं शेत. कापसाचे ते वाईट दिवस — बोंडं किडकी, भाव पडलेला. तरी पहिल्या वेचणीला सीतादही चुकायचं नाही. म्हणजे घरच्या सवाष्णीने पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत जाऊन सीतामायला दहीभाताचा निवद दाखवायचा, मगच बायांनी ओटीत कापूस घ्यायचा. दही लावायची माझी विधवा आत्या. गाडगं डोक्यावर आणायचीही तीच. पण धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी आली की थांबायची. तिथून पुढे आई.

त्या वर्षी आई हयात नव्हती. शेजारच्या काकू येते म्हणाल्या नि तापाने पडल्या. ऊन चढलं, वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर बसून.

"मीच दाखवतो निवद," मी म्हणालो.

"तू?" आत्या म्हणाली. "देवापर्यंत पोचन काय दही? रस्त्यातच सफा करशीन!"

बाया खदखदल्या. तेवढ्यात शेतातून बाईचा आवाज आला — "सुमे, दही आण!"

मला वाटलं, वेचणाऱ्यांपैकीच कोणी. पण त्या सगळ्या माझ्यासमोर, अजून हसत होत्या. आणि पऱ्हाटी जेमतेम गुडघ्याएवढी. लपणार कोण, कुठे?

"आत्या, कोन आहे वं आत?"

तिचा चेहरा उतरला. "तुले... आयकू आलं?"

"काय आयकू आलं?" शेजारीच उभ्या बाबांनी विचारलं. त्यांना काहीच नाही!

"माया हातचं कायले मागते?" आत्या पुटपुटली. "मायं कपाळ तं पाह्य म्हना..."

पुन्हा हाक आली. या वेळी थकलेली. "सुमे..."

आत्याने पदर सारखा केला, गाडगं उचललं. "ओ... आली," म्हणाली नि धुरा ओलांडून गेली. बाबा वाटेतून बाजूला झाले.

परतली तेव्हा रडत होती. "दरसाली बोलावे रे. मले वाटे, मायं मनच खोटं. मायासारखीले कोन बोलावते? आज तू आयकलं म्हनून गेली. नाही तं..."

घरी जेवताना मी बाबांना विचारलं, "सुमी म्हंजे आत्याच का?"

त्यांनी घास ताटात ठेवला. "बाईचं लहानपनचं नाव. आमची माय जिती होती तवर तेवढी म्हने. तुले कोनं सांगतलं?"

कोणीच नाही. घरात ती एक तर बाई, नाही तर आत्या.

कापूस काही वाढला नाही. चमत्काराची वाट पाहणाऱ्यांनी माफ करावं. आत्या पुढच्या वर्षीच्या वेचणीपर्यंत जगली नाही. आत गेली ती एकदाच.

आता दही बायको लावते, नि मी धुऱ्यावर कान देऊन उभा राहतो. काही येत नाही. भास म्हणावं, तर दोघांना एकच कसा? मला अजून कळलेलं नाही. जे कळतं, ते जास्त बोचतं — दही तिचं होतं, हाकही तिलाच होती, आणि आम्ही दरसाली तिच्या हातून गाडगं घेऊन तिला धुऱ्यावर उभं ठेवत होतो.