चावी फिरवायला माणूस

इंजिनाचं काम झाल्यावर मिस्त्रीनं माझी जुनी जीप कळंबहून टेम्पोत घालून भूमला आणली, अंगणात एकदा चालू करून दाखवली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मी चावी फिरवली तर स्टार्टर नुसताच कण्हला. बॅटरी नवी होती. तिची टोकं घासली, फ्यूज बदलले, तरी तेच. कधी चुकून चालू झालीच, तर चार्जिंगचा लाल दिवा विझायचा नाही. मिस्त्रीला फोन केला.

"वायरिंगचं दिसतंय गुरुजी. आणा इकडं."

चालू न होणारी गाडी आणायची कशी, ते त्यानं सांगितलं नाही.

खरं तर हे काम मी काढलंच कशाला? बायको गेल्यावर घर इतकं गप्प झालं होतं की अंगणात काही तरी खडखडावं असं वाटायचं. पण विजेचा बिघाड एकट्याला सापडत नाही. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं बॉनेटखाली बघायचं. आमच्याकडं चावी कायम तिच्या हातात. "फिरवू?" "फिरव." "बास?" "बास." आता मी चावी फिरवून बॉनेटकडं जायचो, तोवर सगळं थांबलेलं असायचं. ब्रेकचा दिवा बघायला मी पेडलवर दगड ठेवला होता. चावीला दगड चालेना.

घरासमोर एसटीचा थांबा आहे. त्या दिवशी आठवडी बाजार होता. एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. बराच वेळ मी फाटकाशी घुटमळलो. एवढंसं काम, पण मागायला जीभ वळेना. शेवटी म्हणालो,

"मावशी, जरा येता का? एक चावी फिरवायची आहे."

"मला न्हाय येत बाबा गाडी."

"चालवायची नाही. मी म्हणलं की फिरवायची, बास म्हणलं की सोडायची."

पिशवी कडेला ठेवून ती जपून सीटवर चढली. मी बॉनेटखाली वाकलो.

"फिरवा."

स्टार्टर कण्हला. मी तारा बघत राहिलो. तेवढ्यात ती ओरडली, "आगं बया! धूर निघालाय हितून!"

मी धावलो. डॅशबोर्डवरची चोक ओढायची खुंटी हाताला चटका देत होती, तिच्या मागची तार तापून वास सुटला होता. त्या बारीकशा तारेतून स्टार्टरचा सगळा करंट परत जात होता, म्हणजे त्याला जायची धड वाट कुणी ठेवलीच नव्हती. इंजिन आणि सांगाडा जोडणारी तांब्याची जाड पट्टी बसवायची राहिली होती. मिस्त्रीनं गाडीत ठेवलेल्या उरलेल्या नटबोल्टांच्या डब्यात ती तळाशी सापडली. इंजिनाला नवा रंग दिलेला, तो तेवढ्या जागी खरवडला आणि पट्टी आवळली.

"आता फिरवा, मावशी."

इंजिन एका दमात सुरू झालं. लाल दिवा विझला. ती हसली, मीही हसलो.

"घरात कुणी न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

"नाही. बायको वारली."

"माझं बी मालक गेले," ती म्हणाली. मग आम्ही दोघं इंजिनाचा आवाज ऐकत बसलो.

"गावाला सोडू का तुम्हाला?"

"कशाला? मला यष्टी फुकट हाय."

बस आली. तिला पिशवी वर दिली. खिडकीतून तिनं हात केला की केस सावरले, ते कळलं नाही.

मी जीप बाहेर काढली आणि गावाबाहेरच्या माळापर्यंत गेलो. अंधार पडायला लागला तसे दिवे लावले. स्वच्छ, पांढरे, लांबवर पडत होते. "बघ, आता कसे पडतात!" मी मोठ्यानं म्हणालो. शेजारची सीट रिकामी होती. गाडी वळवून मी घरी आलो, चहा ठेवला, आणि भांड्यात दोघांचं पाणी पडलं होतं, त्यातलं निम्मं ओतून दिलं.