गायकवाड मामांचा ड्रोन

गायकवाड मामा कुठेही उभे राहिले की आधी मान वर करून बघत. लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, सात रस्त्याच्या सिग्नलला, कुठेही. डोक्यावर तार नाही ना, याची खात्री झाली की मगच समोरच्या माणसाकडे लक्ष. जन्मभर लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर चढलेल्या माणसाची ही सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. एकदा खांबावरून पडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा दुखावला होता. "खांबाची चूक न्हाय. मीच नको तवा खाली बघितलं," म्हणायचे.

भवानी पेठेत आमची घरं समोरासमोर. मी विमा कचेरीतला कारकून, मान कायम खाली. आधी फायलींत, मग कॉम्प्युटरात. निवृत्तीनंतर मामांनी ड्रोन घेतला तेव्हा गल्ली हसली आणि हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे. "मामा, कुणाचं खेळणं पळवलंत?" असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "चाळीस वरसं खालनं वर बघितलं. आता जरा वरनं खाली बघतो की."

पुढे माझं हसू आटलं. पन्नाशीत मला हार्ट अटॅक आला. स्टेंट बसला, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आणि मी घरात बसलो. रस्त्यातच काही झालं तर, ही धास्ती. बोटाला लावून नाडी मोजायचं छोटं यंत्र सदैव खिशात. तासातासाला आकडा बघायचा, आणि तो बरा निघाला तर यंत्रच बिघडलंय असं समजायचं. सुनंदा, माझी बायको, भाजी आणायला गेली तरी मी दाराला कडी लावत नसे. न जाणो, कुणाला आत यावं लागलं तर. रजेवर रजा वाढत होती.

एका सकाळी मामा येऊन बसले. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. चहा संपवून म्हणाले, "दिलीप, माझं एक काम अडलंय. उडवताना माझं डोळं स्क्रीनवर असतात. वर यंत्राकडं बघायला एक माणूस लागतंय. चल."

"मला चालवत नाही, मामा."

"चालायचं कुटं म्हणलं मी? बघायचं म्हणलं."

त्यांच्या स्कूटरवरून आम्ही तुळजापूर रस्त्याला गावाबाहेर जाऊ लागलो. उडवायला परवानगी असलेली जागा मोबाईलच्या नकाशात हिरवी दिसते. ती दिसल्याशिवाय मामा ड्रोनचा डबा उघडत नसत. मग जमिनीवर टॉवेल अंथरायचा, त्यावर तळहाताएवढा ड्रोन ठेवायचा, आधी तारा बघायच्या, मग आभाळ. "मान वर," एवढाच मला हुकूम. ज्वारी काढलेल्या रानावरून तो ठिपका लांब लांब जायचा. दिसेनासा झाला म्हटलं की मामा म्हणायचे, "मग चार पावलं पुढं हो की." असं चार-चार पावलं करत मी पार बांधापर्यंत पोचायचो. त्या ठिपक्यावर नजर ठेवताना छातीचा विचार करायला सवडच मिळायची नाही. घरी आलो की भूक लागायची, दुपारी डोळा लागायचा. वर्षानुवर्षं आखडलेली मानही सैल झाली.

मामांचा स्वतःलाही धाक होता. दोन बॅटऱ्या संपल्या की डबा बंद. मी अजून मागितलं तर म्हणायचे, "दोन बॅटऱ्या म्हंजी नाद. तिसरी म्हंजी येसन."

एकदा मात्र त्यांचीच चूक झाली. ऊन चढलं म्हणून ड्रोन हवेत असतानाच आम्ही लांबच्या लिंबाखाली सरकलो. बॅटरी उतरली की ड्रोन आपण होऊन परत फिरतो, पण माणसाकडे नाही; जिथून उडाला त्या जागी. तिथे आमचा टॉवेल होता, शेजारी भाकरीची पिशवी होती आणि पिशवीभोवती आता एका म्हातारीच्या शेळ्या जमल्या होत्या. मामांनी बटणं दाबून पाहिली. ड्रोन ऐकेना. "करडाच्या डोळ्यात पाती जाईल रे," म्हणत ते उठले आणि गुडघा धरून खाली बसले.

मी पळालो. ढेकळांतून, चप्पल सोडून, ओरडत पळालो आणि शेळ्या हाकलल्या. ड्रोन टॉवेलवर अलगद उतरला. मी धापा टाकत असताना म्हातारी आली. "सोबती मिळाला व्हय बाबाला? दोन वरसं एकलंच यायचं की."

मामा लंगडत पोचले तेव्हा मी विचारलं, "दोन वर्षं वर बघायला कोण होतं?"

मामांनी ड्रोनवरची धूळ फुंकली. "सावकास यायचं की. पळायला कुणी सांगितलं हुतं तुला?"

संध्याकाळी खिशात ते नाडीचं यंत्र हाताला लागलं. दिवसभर त्याची आठवण झाली नव्हती. मी ते सुनंदाकडे कपाटात ठेवायला दिलं आणि पुढच्या सोमवारी कामावर रुजू झालो.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ड्रोन माझ्याकडे ठेवून ते अकलूजला मुलीकडे गेले. महिन्याभराने तिचा, वैशालीचा, फोन आला. "काका, बाबा उठतच नाहीत. पडेन म्हणतात." खांबावर आयुष्य काढलेला माणूस कॉटवरून उतरायला भीत होता. ती भीती माझ्या चांगल्या ओळखीची होती.

रविवारी मी ड्रोनचा डबा घेऊन अकलूजला गेलो. "जय भीम, मामा," म्हटलं. त्यांनी कॉटवरूनच हात जोडले. मी चहा संपवला आणि म्हणालो, "मामा, माझं एक काम अडलंय. वर बघायला माणूस लागतो."

मामांच्या मिशीत हसू आलं होतं, पण त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही.

"हितला नकाशा बघितलास? हिरवं हाय?"

"हिरवं आहे."

"वारं?"

"फारसं नाही."

"वैशाली, ते वॉकर आण की गं."

घरामागे उसाच्या कडेला मी टॉवेल अंथरला. माझ्या मागे थांबलेल्या मामांनी वॉकर घट्ट धरून आधी तारा बघितल्या, मग आभाळ. "हितनं उडीव आन् हितंच थांब. शेळ्यांचं ध्यानात हाय न्हवं?" ड्रोन उसावरून पुढे गेला.

"दिसंना झाला," मामा म्हणाले.

"मग चार पावलं पुढं व्हा की."

मागे वळून बघायचं मी टाळलं, कारण माझे डोळे भरून आले होते. आज मी हिंडतोफिरतो तो या माणसामुळे, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. मी ड्रोन मागे वळवला. स्क्रीनवर वरून आम्ही दोघं दिसत होतो, आणि त्यातला एक वॉकर उचलून पुढे ठेवत होता.